त्याला सगळे माहीत आहे, तरी तो थांबत का नाही?

पत्र

माझा मुलगा १६ वर्षांचा आहे. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून अकरावी कॉमर्सला घातला. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. आमचे मालक टॉवेलच्या कारखान्यात आहेत, मी घरी विड्या वळते. दिवाळीपासून मुलगा बदलला आहे. पँटच्या खिशात तंबाखू-सुपारीच्या माव्याची पुडी सापडली. मित्राच्या गाडीवर तिघे बसून होटगी रोडला जातात, कधी कधी गाडी हाच चालवतो. रात्री दीड-दोनपर्यंत मोबाईल, सकाळी उठत नाही, काही बोललं की अंगावर येतो. मालकांनी एकदा मारलं, तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. मी त्याला तोंडाच्या कॅन्सरचे फोटो दाखवले तर म्हणाला, ‘मला सगळं माहीत आहे. तू दिवसभर तंबाखूतच बसतेस, मग मला कशाला सांगतेस?’ त्यावर मला काही बोलता आलं नाही. एवढं कळत असून तो असं का करतो? त्याच्या डोक्यावर काही परिणाम झालाय का? मोबाईल काढून घ्यावा, कॉलेज बदलावं, की सरळ कारखान्यात कामाला लावावं?

एक आई, सोलापूर

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण शेवटी तीन उपाय विचारले आहेत, परंतु त्यांच्या आधी लिहिलेला प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. एवढे कळत असताना तो असे का करतो, या प्रश्नाचे उत्तर मिळाले तर मोबाईल, कॉलेज आणि कारखाना यांविषयीचे निर्णय आपल्याला स्वतःलाच पुष्कळ सोपे होतील, म्हणून तिथूनच आरंभ करते.

‘मला सगळं माहीत आहे’ हे आपल्या मुलाचे वाक्य उद्धटपणे उच्चारलेले असेल, पण ते खोटे नाही. वाढत्या वयातील मुलांना धोका कळत नाही, ती स्वतःला अमर समजतात, अशी आपली सर्वांचीच समजूत असते. मानसशास्त्रज्ञांनी ती तपासून पाहिली, तेव्हा ती टिकली नाही. अमेरिकेत सुसान मिलस्टीन आणि बोनी हाल्पर्न-फेल्शर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात किशोरवयीन मुलांना आणि तरुण प्रौढांना अपघात, आजार यांसारख्या गोष्टी स्वतःच्या बाबतीत घडण्याची शक्यता किती वाटते, असे विचारले होते. किशोरवयीनांनी ती शक्यता प्रौढांपेक्षा कमी नव्हे, तर जास्त सांगितली. पुढे २००६ मध्ये व्हॅलरी रेना आणि फ्रँक फार्ली यांनी या विषयावरील संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हाही हेच दिसले की मुले धोका कमी लेखतात म्हणून तो पत्करतात असे नाही. कित्येकदा धोका प्रत्यक्षाहून मोठा मानूनही ती तो पत्करतात. त्यामुळे कॅन्सरची छायाचित्रे पुन्हा दाखवून, किंवा त्याहून भयंकर छायाचित्रे शोधून, आपल्या हाती काही लागणार नाही. माहितीची उणीव नसेल तिथे माहितीची भर घालून उपयोग होत नाही.

मग उणीव कशाची असते? याचे एक उत्तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या प्रयोगांतून मिळते. मार्गो गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये १३ ते १६ वर्षांची मुले, १८ ते २२ वर्षांचे तरुण आणि २४ वर्षांवरील प्रौढ अशा तीन गटांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. कुणी तो एकट्याने खेळले, तर कुणी बरोबरीच्या मित्रांच्या देखत. मित्र भोवती असले की मुलांनी आणि तरुणांनी घेतलेला धोका एकदम वाढला, प्रौढांच्या वागण्यात मात्र फारसा फरक पडला नाही. २०११ मध्ये जेसन चाइन, स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रकारच्या प्रयोगात मेंदूची प्रतिमा घेऊन पाहिली, तेव्हा मित्र पाहत आहेत एवढे कळल्यानेच किशोरवयीनांच्या मेंदूतील सुखाची, बक्षिसाची अपेक्षा बाळगणारे भाग अधिक उत्तेजित झालेले आढळले. स्वतःला आवरणारे भाग मात्र विशीच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत पक्व होत राहतात.

याचा अर्थ असा की घरात, दुपारच्या वेळी, आपल्यासमोर बसलेला मुलगा आणि संध्याकाळी कॉलेजबाहेरच्या पानटपरीवर चार मित्रांत उभा असलेला मुलगा यांची समज एकच असली, तरी त्यांचे निर्णय वेगळे होतात. मावा घोटून पुडी पुढे करणारा मित्र त्या क्षणी त्याला केवळ सुपारी-तंबाखू देत नसतो. ‘तू आमच्यातला आहेस’ हे सांगत असतो. दहावीपर्यंतचा वर्ग मोडलेला, जुने मित्र कुणी आयटीआयला, कुणी सायन्सला गेलेले, आणि नव्या कॉलेजात अजून कुणी आपले म्हणत नाही, अशा मुलाला त्या सांगण्याची केवढी किंमत वाटत असेल, याचा आपण विचार करावा. त्याची बाजू घेण्यासाठी मी हे लिहीत नाही. आपण ज्याच्याशी झगडत आहोत ते नेमके काय आहे, हे कळावे म्हणून लिहिते.

आपल्याच देशातील एक अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. दिल्ली आणि चेन्नई येथील ३२ शाळांमध्ये २००४ ते २००६ या काळात सहावी ते नववीच्या मुलांसाठी तंबाखूविरोधी कार्यक्रम राबवण्यात आला. निम्म्या शाळांत कार्यक्रम झाला, निम्म्यांत नाही. त्यात तंबाखूचे दुष्परिणाम सांगितले जात होतेच, परंतु भर होता तो वर्गातील मुलांनीच पुढाकार घेऊन चर्चा घडवण्यावर, ‘सगळेच खातात’ हा समज खोटा आहे हे दाखवण्यावर आणि मित्राने पुडी पुढे केली असता मैत्री न मोडता नाही कसे म्हणायचे याच्या सरावावर. दोन वर्षांनी पाहिले तेव्हा कार्यक्रम न झालेल्या शाळांत तंबाखूचा वापर ६८ टक्क्यांनी वाढला होता आणि झालेल्या शाळांत तो १७ टक्क्यांनी घटला होता. ‘सगळेच खातात’ हे आपला मुलगाही म्हणत असेल. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांपैकी साडेआठ टक्के मुले कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरताना आढळली. संख्या म्हणून ती चिंताजनक आहेच, परंतु उरलेली साडेएक्याण्णव टक्के मुले वापरत नव्हती, हेही त्याला शांतपणे सांगता येईल.

आता त्याच्या चिडचिडीविषयी. मावा आणि चिडचिड ही दोन वेगळी दुखणी आहेत असे समजू नये. माव्यातील निकोटीन उतरू लागले की अस्वस्थता, चिडचिड, लक्ष न लागणे सुरू होते; पुन्हा पुडी खाल्ली की ते थांबते आणि मुलाला वाटते की मावा आपले डोके शांत करतो. प्रत्यक्षात त्यानेच निर्माण केलेली तगमग तो तात्पुरती मिटवत असतो. सिगारेट सोडणाऱ्यांवरील २६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात सोडल्यानंतर चिंता, उदासी आणि ताण वाढण्याऐवजी कमी झालेले दिसले. ते अभ्यास प्रामुख्याने प्रौढांचे आणि धूम्रपानाचे होते, तरी निकोटीनची ही रीत सर्वत्र सारखीच आहे. शिवाय माव्यातील सुपारीही निरुपद्रवी नाही. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले आहे.

दुसरे कारण झोप. या वयात शरीराचे घड्याळच पुढे सरकते. रात्री उशिरा झोप येणे आणि सकाळी जाग न येणे यात आळसाचा भाग आपण समजतो त्याहून कमी असतो. परंतु १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोपेची गरज असते. दोन वाजता झोपून सकाळच्या कॉलेजसाठी सहाला उठवलेला मुलगा चार तासांच्या झोपेवर दिवस काढतो, आणि अशा अपुऱ्या झोपेने मनःस्थिती ढासळते, आवर सुटतो, धोका घ्यायची ओढ वाढते.

तिसरे कारण दुर्लक्षित राहते, म्हणून ते अधिक काळजीने सांगते. किशोरवयातील नैराश्य नेहमी रडण्यातून किंवा उदास बसण्यातून दिसत नाही. पुष्कळदा ते चिडचिडीच्याच रूपात येते, आणि घरचे त्याला मस्ती समजतात. माणसाच्या आयुष्यात उद्भवणाऱ्या मानसिक विकारांपैकी निम्मे १४ व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, असे रोनाल्ड केसलर यांच्या २००५ च्या अभ्यासात दिसले होते. भारतात २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांना कोणता तरी मानसिक विकार असल्याचे आढळले. आपल्या मुलाला तसे काही आहे, असे पत्रावरून कुणीही म्हणू नये आणि मीही म्हणत नाही. ‘डोक्यावर परिणाम’ हे शब्द मात्र घरात वापरू नका. ते एकदा त्याच्या कानी पडले, तर पुढे खरोखर मदतीची गरज पडली तरी तो डॉक्टरकडे यायला तयार होणार नाही.

आता आपल्या दोघांमधील त्या क्षणाकडे येते, ज्यापुढे आपल्याला बोलता आले नाही. ‘तू दिवसभर तंबाखूतच बसतेस’ हे ऐकून आपल्याला लागले असेल, आणि ते साहजिक आहे. पण ताई, या वाक्यात तुच्छताच आहे असे मला वाटत नाही. मुले आईचे हात रोज पाहतात. पाने भिजवणे, कापणे, तंबाखू भरून विडी वळणे, दोरा बांधणे, कारखान्यात माल नेऊन देणे आणि त्यातले काही नापास झाले की ते सोसणे, हे सगळे पाहत तो मोठा झाला आहे. ज्या वस्तूवर घर चालते तीच वस्तू वाईट आहे, असे घरातच सांगितले जाते, तेव्हा मुलाच्या मनात जो गोंधळ होतो तो खरा असतो, आणि तो त्याने रागाच्या रूपात आपल्यासमोर ठेवला.

म्हणून त्याला उत्तर द्या, आणि खरे उत्तर द्या. राग शांत असताना, शक्य झाल्यास काम करता करताच, त्याच्याकडे न बघता बोलला तरी चालेल. अशा मुलांना समोरासमोर बसवून केलेल्या बोलण्यापेक्षा हे सोपे जाते. त्याला म्हणता येईल: ‘तू बोललास ते खरं आहे. हे काम मी पोटासाठी करते. तंबाखू चांगली असते म्हणून नाही, दुसरं काम घरी बसून मिळत नाही म्हणून करते. ही धूळ माझ्याही छातीत जाते. जे मला नाइलाजानं अंगावर घ्यावं लागतं, ते तू पैसे देऊन तोंडात घेतोस, याचं मला वाईट वाटतं.’ शब्द आपले असावेत; पूर्व भागातील अनेक घरांप्रमाणे आपण घरी तेलुगू बोलत असाल तर तेलुगूत. आपल्यासारख्या कामगारांच्या शरीरातही निकोटीनचे अंश आढळतात, हे संशोधनात दिसलेले आहे, तेव्हा आपण कामानंतर हात नीट धुणे, तंबाखूचे सुपडे स्वयंपाकाच्या आणि झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवणे, हे त्याच्यादेखत सुरू करा. त्यात त्याची मदत मागा. आई स्वतःच्या प्रकृतीची काळजी घेते आहे, हे त्याला दिसणे कोणत्याही उपदेशापेक्षा अधिक परिणामकारक ठरेल, असे माझे मत आहे.

बोलण्यावर मी एवढा भर देते, त्याला आधार आहे. स्वीडनमध्ये हाकन स्टाटिन आणि मार्गारेट केर यांनी १४ वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध केला. मुलांच्या हालचालींची अधिक माहिती असलेल्या पालकांची मुले कमी भरकटतात, हे आधीपासून ठाऊक होते. ती माहिती पालकांना मिळते कुठून, हा त्यांचा प्रश्न होता. ती पाळत ठेवून किंवा प्रश्नांचा भडिमार करून नव्हे, तर मुख्यतः मुलाने आपण होऊन सांगितल्यामुळे मिळते, असे निघाले. त्याआधी १९९७ मध्ये मायकेल रेस्निक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील १२ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती तपासली होती. घरच्यांशी जिव्हाळ्याचे नाते आणि शाळेशी आपलेपणा असलेल्या मुलांत भावनिक त्रास, आत्महत्येचे विचार, हिंसा, व्यसने यांचे प्रमाण कमी होते. खिसे तपासणे मी निषिद्ध मानत नाही, पण पुडी सापडल्यावर मूल खोटे बोलायला शिकते की खरे सांगायला, हे आपल्या पुढच्या वाक्यावर ठरते.

या दृष्टीने मुलाच्या वडिलांनी हात उगारणे हे आज घरातील सर्वांत मोठे नुकसान आहे. दिवसभर मागांच्या खडखडाटात उभे राहून आलेल्या माणसाचा संयम सुटतो, हे मी समजू शकते. परंतु मारण्याने वागणूक सुधारत नाही, उलट आक्रमकता आणि मानसिक त्रास वाढतो, हा निष्कर्ष मुलांच्या शारीरिक शिक्षेवरील संशोधनातून वारंवार निघाला आहे. सुट्टीच्या दिवशी त्यांनीच पहिले पाऊल टाकावे. माफीचे मोठे भाषण नको. ‘त्या दिवशी मी मारायला नको होतं’ एवढे वाक्य आणि नंतर बरोबर जेवण, इतके पुरेसे आहे. माव्याचा विषय त्या दिवशी काढू नये.

गाडीच्या बाबतीत मात्र मी वाटाघाट सुचवत नाही. १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी गिअरची मोटारसायकल चालवण्याचा परवानाच मिळत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक यांना २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वर सांगितलेला प्रयोग तर गाडीचाच होता. तिघे मित्र एका गाडीवर, हा सर्वांत वाईट प्रसंग आहे. गाडी ज्याच्या घरची आहे त्याच्या आईवडिलांना भेटा. ही भेट गुपचूप घेऊ नका, मुलाला आधी सांगून घ्या.

मोबाईल काढून घेऊ नका. जुन्या मित्रांशी उरलेला दुवाही कदाचित तोच असेल. रात्री अकरानंतर घरातील सर्वांचे मोबाईल, आपले आणि वडिलांचेही, एकाच ठिकाणी चार्जिंगला ठेवावेत, असा नियम करा. फक्त त्याच्यापुरता नियम टिकणार नाही. झोपेची वेळ एकदम न बदलता दर तीन-चार दिवसांनी अर्धा तास अलीकडे आणा.

मावा एका दिवसात सुटेल अशी अट घालू नका. तो दिवसाला किती पुड्या खातो आणि केव्हा खातो, हे विचारा आणि उत्तर ऐकून ओरडू नका. तोंड पूर्ण उघडल्यावर त्याची स्वतःची तीन बोटे उभी आत जातात का, हे त्यालाच पाहायला सांगा. जात नसतील, तिखट खाताना तोंडाची आग होत असेल किंवा गालात पांढरट पट्टे दिसत असतील, तर दाताच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत सेवा आहे. १८ वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत ती विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. टपरी कॉलेजच्या दारात असेल तर पालकांनी मिळून प्राचार्यांना लेखी निवेदन द्यावे. हे काम एकट्या आईच्या खांद्यावर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

पुढील गोष्टींकडे लक्ष ठेवा. चिडचिड किंवा उदासी दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज राहिली, जेवण तुटले, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतून मन उडाले, मित्रांतही जाईनासा झाला, स्वतःला इजा केल्याच्या खुणा दिसल्या, किंवा ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असे काही बोलला, तर थांबू नका. ‘तुझ्या मनात मरणाचा विचार येतो का?’ असे स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल, या भीतीने पालक गप्प राहतात. न्यूयॉर्क राज्यातील शाळांत केलेल्या २००५ च्या अभ्यासात अशा प्रश्नांनी मुलांचा त्रास किंवा आत्महत्येचे विचार वाढले नाहीत, असे दिसले आहे. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी सिव्हिलमध्ये, म्हणजे आपल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, घेऊन जा. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. तिथे भाषा निवडता येते, त्यामुळे मराठीत किंवा तेलुगूत बोला. हा क्रमांक मुलाच्या मोबाईलमध्येही असू द्या.

अशी कोणतीही लक्षणे नसली, तरी एकदा मानसोपचार विभागात किंवा कॉलेजच्या समुपदेशकांकडे जाण्यात काहीही कमीपणा नाही. त्याला ‘तुला दाखवायला नेतो’ असे न सांगता ‘आपल्या घरात बोलणं बंद पडलंय, त्यासाठी आपण तिघे जाऊ’ असे सांगा, कारण खरे तेच आहे. तिथे गेल्यावर काही वेळ त्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या आणि बाहेर आल्यावर ‘काय बोललास?’ असे विचारू नका.

कॉलेज बदलण्याचा निर्णय वार्षिक परीक्षेपर्यंत पुढे ढकलावा. मधेच बदललेल्या कॉलेजात त्याला पुन्हा पहिल्यापासून आपली माणसे शोधावी लागतील, आणि नवख्या मुलाला सर्वांत आधी जवळ करणारी जागा पुन्हा टपरीच असू शकते. कारखान्यात लावण्याचा विचार तर पूर्णपणे सोडून द्यावा. शिक्षा म्हणून दिलेले काम त्याला वडिलांच्या कामाचाच तिरस्कार करायला शिकवील, आणि शिकणाऱ्या मुलाचे शिक्षण सुटेल ते वेगळेच. परीक्षा झाल्यावर पुढे काय करायचे, हे तिघांनी एकत्र बसून ठरवा. त्या बैठकीत पहिल्यांदा त्याला बोलू द्या.